वेबपानांचे यांत्रिक भाषांतर: मुंबईतल्या सोसायट्या, संस्था आणि दुकानदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर-परळ पट्ट्यातल्या सोसायट्या, छोटे ट्रस्ट, दवाखाने आणि दुकाने यांची मराठी वेबपाने लिहून देणे आणि इतरांनी केलेली तपासून देणे हे माझे रोजचे काम. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरे एका जागी ठेवली आहेत. तांत्रिक भाग थोडक्यात उरकला आहे. माणसे जिथे खरोखर अडकतात, तिथे जरा सविस्तर लिहिले आहे.

यांत्रिक भाषांतर वापरावे की नाही? एका वाक्यात सांगा.

वाचायला बिनधास्त वापरा, प्रसिद्ध करायला तपासल्याशिवाय वापरू नका.

कारण साधे आहे. ब्राउझरमधले ‘भाषांतर करा’ हे बटण वाचणारा स्वतः दाबतो, तेव्हा समोर आलेला मजकूर यंत्राचा आहे हे त्याला ठाऊक असते. वाक्य विचित्र वाटले तर तो मूळ पान उघडून बघतो. तोच मजकूर तुम्ही ‘मराठी आवृत्ती’ म्हणून साइटवर टाकलात, की वाचणाऱ्याच्या लेखी तो तुमचा शब्द असतो. सेक्रेटरीची सही खाली असेल तर सेक्रेटरीचा. खालचे जवळपास सगळे सल्ले याच फरकातून आले आहेत.

यंत्र नेमके करते काय? शब्दकोशातून शब्द उचलते का?

आता नाही. सुरुवात मात्र तशीच होती. १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी साठेक रशियन वाक्ये संगणकाकडून इंग्रजीत करून दाखवली, त्यासाठी २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम वापरले. तीन-पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल असे तेव्हा बोलले गेले. १९६६ मध्ये अमेरिकी सरकारच्या समितीने इतका थंड अहवाल दिला की बरीच वर्षे पैसाच आटला.

गूगल ट्रान्सलेट २००६ मध्ये आले ते संख्याशास्त्रावर चालणारे: माणसांनी केलेली लाखो भाषांतरे शेजारी शेजारी ठेवायची आणि कुठल्या तुकड्यासमोर कुठला तुकडा जास्त वेळा येतो ते मोजायचे. मराठी त्यात २०१३ मध्ये आली. २०१७ च्या एप्रिलमध्ये मराठीसाठी न्यूरल पद्धत सुरू झाली. यात तुकडे जोडण्याऐवजी पूर्ण वाक्य एकदम घेतले जाते आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत मराठी वाक्य तयार होते.

मराठी यामुळे खूपच सुधारली, पण तपासणाऱ्याचे काम अवघड झाले. जुन्या यंत्राची चूक डोळ्यात खुपायची. नव्या यंत्राची चूक गुळगुळीत वाक्यात लपते. वाक्य ओघवते आहे म्हणजे अर्थही बरोबर आहे, असे आपण नकळत धरून चालतो.

फ्रेंच-जर्मन इतके छान होते, मग मराठी का नाही?

शिकायला माल कमी. युरोपीय संसदेचे कामकाज, संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रे, कॅनडाच्या संसदेचे इंग्रजी-फ्रेंच इतिवृत्त असा माणसांनी केलेला, वाक्याला वाक्य जुळणारा मजकूर त्या भाषांकडे वर्षानुवर्षांचा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, पण जाळ्यावर मराठीत लिहिणारे त्या मानाने फारच थोडे. मराठी विकिपीडियावर लाखाच्या आसपास लेख आहेत, इंग्रजीवर पासष्ट लाखांहून जास्त. शिवाय जाळ्यावरची बरीचशी मराठी पाने आता यंत्रानेच केलेली असतात. पुढचे यंत्र त्यावरच शिकले तर काय शिकेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा भाग भाषेच्या घडणीचा. इंग्रजीत क्रियापद मध्ये, आपल्याकडे शेवटी. आपली तीन लिंगे, सामान्यरूपे, शब्दाला चिकटणारे प्रत्यय, त्यामुळे एकाच नामाची दहा-पंधरा रूपे होतात. यंत्राला प्रत्येक रूप पुरेशा वेळा भेटलेले असतेच असे नाही.

हिंदीतून मराठी तरी सोपे जात असेल?

वाटते तसे, पण बऱ्याच प्रणाली हिंदीतून मराठीत जाताना मध्ये इंग्रजीत उतरतात. हिंदीतले ‘आप’ आणि ‘तू’ इंग्रजीत एकच होतात आणि मराठीत येताना यंत्राला पुन्हा अंदाज बांधावा लागतो. मग ‘माननीय सभासद’ अशी सुरुवात करून पुढे ‘तू तुझी थकबाकी भर’ असे निघू शकते. पासष्टीच्या सभासदाने हे वाचले तर थकबाकी बाजूला राहते आणि भांडण वेगळेच सुरू होते. आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारतसारख्या गटांनी भारतीय भाषांमध्ये थेट भाषांतर करणारी मॉडेल केली आहेत, केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही योजनाही २०२२ पासून आहे. त्यामुळे हिंदी-मराठीसाठी एकच साधन धरून बसू नका, तोच परिच्छेद दोन-तीन ठिकाणी टाकून बघा.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. बिल्डरचे इंग्रजी पत्र ट्रान्सलेट करून साइटवर टाकले तर चालेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्येष्ठ सभासदांना पत्रात ढोबळमानाने काय आहे ते कळावे म्हणून यंत्राचा आधार घ्या. पण त्या मजकुरावर कोणी संमती देणार असेल तर तो माणसानेच केलेला हवा.

अडचण कुठे येते ते बघा. ‘कन्व्हेयन्स’, म्हणजे जमीन आणि इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे, हा शब्द मुंबईतला प्रत्येक सभासद इंग्रजीतच बोलतो. सरकारी मराठीत ते ‘अभिहस्तांतरण’, आणि ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणजे ‘मानीव अभिहस्तांतरण’. पण रोजच्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ वाहन किंवा वाहतूक असाही होतो. संदर्भ तुटला, म्हणजे तक्त्याच्या एका चौकटीत किंवा मथळ्यात शब्द एकटा पडला, की यंत्र ‘वाहतूक’ देऊन मोकळे होते. ‘सोसायटीची वाहतूक अद्याप प्रलंबित आहे’ हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे. तसाच ‘कार्पेट एरिया’. मराठीत तो ‘चटई क्षेत्र’, तर एफएसआय म्हणजे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. पहिले घरातल्या वापराच्या जागेचे माप, दुसरे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे गुणोत्तर. ‘निर्देशांक’ गळला की सभासदाला वाटते त्याच्याच खोलीबद्दल बोलणे चालले आहे.

त्याहून वाईट गोष्ट अशी की यंत्र पान तुकड्यातुकड्याने घेते. एकच संज्ञा वरच्या परिच्छेदात ‘चटई क्षेत्र’ आणि खालच्या तक्त्यात ‘गालिचा क्षेत्र’ होऊ शकते. गोष्टीच्या पुस्तकात हे खपेल, करारात नाही. कागदावर शब्द दोन म्हणजे वस्तू दोन, असा वकिलाचा हिशेब असतो.

आणि मग ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीला एकच सर्वनाम. बिल्डर लिहितो की मुद्रांक शुल्क ‘वी’ भरू. ‘आम्ही भरू’ म्हणजे बिल्डर भरणार, ‘आपण भरू’ म्हणजे बिल्डर आणि सभासद मिळून. शिवाय मराठीत ‘आपण’ हे समोरच्याला दिलेले आदरार्थी संबोधनही आहे, म्हणजे ‘आपण भराल’ झाले की सगळा भार सभासदांवर. तीन वाक्ये, तीन खिसे. यातले बरोबर कोणते हे इंग्रजी वाक्यात लिहिलेलेच नसते, ते आधीच्या बैठकीत काय ठरले त्यावरून कळते. यंत्र बैठकीला नव्हते.

तपासताना आधी ‘नाही’, ‘पर्यंत’, ‘नंतर’, ‘वगळून’, ‘अन्यथा’ हे शब्द शोधा. मुदत, दंड आणि अपवाद याच शब्दांत असतात, आणि लांबलचक इंग्रजी वाक्य उलगडताना नेमका नकार गळतो किंवा चुकीच्या क्रियापदाला चिकटतो. नंतर आकडे बघा. ‘१.२ दशलक्ष’ चूक नाही, पण आपल्या माणसाला ‘१२ लाख’ कळते. तारखा ०४/०५ अशा असतील तर महिना कोणता ते शब्दांत लिहा.

अर्थ साधारण कळला म्हणजे झाले ना? एवढे काय बिघडते?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. पाककृती, सामन्याची बातमी, वॉशिंग मशीनची माहिती यासाठी ‘साधारण’ पुरते. पण २०१७ मध्ये वेस्ट बँकमधल्या एका पॅलेस्टिनी कामगाराने बुलडोझरशेजारचा आपला फोटो फेसबुकवर टाकून अरबीत शुभ सकाळ लिहिले. यंत्राने हिब्रूत त्याचे ‘त्यांच्यावर हल्ला करा’ अशा अर्थाचे काहीतरी केले आणि इस्रायली पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. काही तासांनी सुटका झाली. अरबी जाणणाऱ्या कोणालाही मूळ मजकूर आधी दाखवलेला नव्हता.

स्टेशनांची, रस्त्यांची, माणसांची नावे बिघडतात. उपाय?

नाव म्हणजे काय हे यंत्राला उपजत कळत नाही. मरीन लाइन्स, कॉटन ग्रीन, ग्रीन स्ट्रीट ही त्याच्या दृष्टीने साधी नामे आणि विशेषणे असू शकतात. मग पत्त्यात ‘सागरी रेषा’ किंवा ‘कापूस हिरवा’ उतरते. पत्ता शोधणारा हार्बरच्या फलाटावर उभाच राहतो. मोठी माणसेही यातून सुटत नाहीत: २०२० मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग म्यानमारला गेले असताना फेसबुकच्या बर्मी-इंग्रजी भाषांतरात त्यांच्या नावाच्या जागी एक ओंगळ शब्द आला. बर्मी माहितीसाठ्यात ते नाव नव्हते आणि यंत्राने जवळपासचा उच्चार पकडून अंदाज मारला, असे कंपनीने सांगितले.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. एचटीएमएलमध्ये ‘ट्रान्सलेट’ हे अ‍ॅट्रिब्यूट आहे. नाव, पत्ता, दुकानाची पाटी, आयएफएससी कोड यांना ते ‘नो’ म्हणून लावायला तुमच्या वेबवाल्याला सांगा. नाव मराठीत कसे लिहायचे ते तुम्हीच लिहून द्या, त्याच्यावर सोडू नका.

दवाखान्याच्या पानावर औषधांच्या सूचना ट्रान्सलेट करून ठेवू का?

नको. इंग्रजीत ‘एकदा’ या अर्थाचा ‘वन्स’ हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, ती अक्षरे स्पॅनिशमध्ये वाचली तर ‘अकरा’ होतात. अमेरिकेत स्पॅनिशभाषकांच्या औषधांच्या लेबलांबाबत हा धोका अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. यंत्राने एखादा शब्द तसाच सोडला तरी इतके होऊ शकते. ‘उपाशीपोटी’, ‘जेवल्यावर’, ‘दिवसाआड’ या सूचना डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टने मराठीत सांगाव्यात आणि त्याच लिहून घ्याव्यात. चार ओळींचे तर काम आहे.

न्यायालयेही आता यंत्राने भाषांतर करतात ना?

करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली आणली, निकाल भारतीय भाषांत नेण्यासाठी. पण तिथे यंत्राचा मसुदा माणूस तपासतो, आणि भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत समजावे एवढ्यासाठीच आहे, अंमलबजावणीसाठी इंग्रजी निकालच प्रमाण, असे सोबत लिहिलेले असते. तुमच्या साइटवर हेच करा: मराठी पानावर, ठळक दिसेल अशा जागी, मूळ कोणत्या भाषेतले आणि वाद झाल्यास कोणते ग्राह्य ते लिहा. फक्त अशी एक ओळ टाकली म्हणून तपासणीतून सुटका होत नाही.

साइटवर भाषांतराचे बटण लावू की मराठी पान वेगळे करू?

जेमतेम पाच-सहा पाने असतील तर मराठीत वेगळी लिहा. शेकडो पाने, वस्तूंची यादी, रोज बदलणारा मजकूर असेल तर बटण ठीक, आणि खाली ‘हे भाषांतर यंत्राने केले आहे’ असे लिहा. खरे तर बटणाची गरज पूर्वीइतकी नाही. क्रोममध्ये २०१० पासून आणि आता बहुतेक ब्राउझरमध्ये ही सोय आतच असते.

आमच्या जुन्या मराठी पानाचे इंग्रजी करायला गेलो तर नुसता कचरा येतो. का?

पान बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख असे फाँट वापरून मराठी टाइप होत असे. डोळ्याला देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. यंत्र फाँट बघत नाही, आतले बघते. ओळखायची युक्ती अशी की पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर युनिकोड, अगम्य चिन्हे आली तर जुना फाँट. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मात्र जोडाक्षरे आणि रफार नंतर हाताने बघावे लागतात.

फोटोचेही तेच. आपल्याकडे नोटीस टाइप करायची, प्रिंट काढायची, शिक्का मारायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो साइटवर चढवायचा, ही रीतच आहे. ब्राउझरला त्यात एकही अक्षर दिसत नाही. शिक्क्याचा फोटो हवा तर ठेवा, पण खाली मजकूर टाइप केलेलाही द्या. दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडरही तोच वाचतो.

ब्राउझर आमचे मराठी पान हिंदी समजतो.

लिपी एकच, त्यामुळे गफलत होते. पानाच्या ‘लँग’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा संकेत ‘एमआर’ टाका. तयार टेम्प्लेट घेतलेल्या साइटवर तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहिलेला असतो, तो आधी बघा.

भाषांतर चालू ठेवून फॉर्म भरला तर?

भरू नका. फॉर्म समजून घ्यायला मराठी करा, मग मूळ भाषेत परत या आणि भरा. भाषांतर करताना ब्राउझर पानाच्या आतल्या रचनेत स्वतःचे टॅग घुसवतो. आजच्या अनेक साइट जावास्क्रिप्टवर चालतात. त्यांना आपलेच तुकडे जागेवर सापडत नाहीत आणि पान मध्येच बंद पडते. पैसे भरायच्या पानावर हे झाले तर पैसे गेले की नाही हेच कळत नाही.

खासगी कागद ट्रान्सलेटमध्ये टाकणे सुरक्षित आहे?

बहुतेक सेवांमध्ये मजकूर तुमच्या यंत्रावरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो. २०१७ मध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने उघड केले की स्टॅटऑइल या तेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एका फुकट भाषांतर साइटवर टाकलेला अंतर्गत मजकूर साध्या इंटरनेट शोधात सापडत होता. सभासदांचे पॅन-आधार, रुग्णांचे अहवाल, वादातली कागदपत्रे टाकू नका. फायरफॉक्सने २०२३ मध्ये भाषांतर तुमच्याच संगणकावर करण्याची सोय आणली, पण आपली भाषा त्या यादीत आहे का ते वापरण्याआधी पाहा.

यंत्राने केलेल्या मराठी पानांमुळे गूगल शोधात साइट खाली जाते का?

भाषांतर यंत्राचे आहे म्हणून आपोआप शिक्षा होत नाही. पण केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने, वाचकाला उपयोग नसलेली पाने तयार करणे गूगलच्या धोरणात स्पॅम आहे, आणि यंत्राने भाषांतरित केलेल्या पानांचा उल्लेख तिथे येतो. दुकानाची बारा पाने नीट तपासून टाका, बाराशे नको.

मराठीचे परत इंग्रजी करून बघितले, बरोबर आले. म्हणजे भाषांतर बरोबर?

नाही. जाताना केलेली चूक येताना तेच यंत्र निस्तरते. ‘वाहतूक’ परत जाताना पुन्हा ‘कन्व्हेयन्स’ होऊ शकते. उलट कधी कधी उत्तम मराठी वाक्याचे इंग्रजी वेडेवाकडे येते. या खटाटोपातून ढोबळ चुका कळतात, त्यापलीकडे नाही.

चॅटजीपीटीसारखी साधने जास्त चांगली नाहीत का?

संदर्भ सांगता येतो हा मोठा फायदा. ‘ही सहकारी गृहनिर्माण सोसायटीची नोटीस आहे, वाचणारे ज्येष्ठ सभासद आहेत, या दहा संज्ञा अशाच ठेव’ असे सांगितले की मराठी लक्षणीय सुधारते. दोष वेगळा आहे: ही साधने कधी वाक्य गाळतात, कधी सौजन्याने एखादे भरीला घालतात. म्हणून परिच्छेद मोजा, मूळात सात मुद्दे तर मराठीतही सात.

यंत्राला सोपे जावे म्हणून मूळ मजकूर कसा लिहावा?

वाक्ये छोटी ठेवा. सर्वनामाऐवजी नाम पुन्हा लिहा, कोण करणार ते प्रत्येक वाक्यात येऊ द्या, म्हणी आणि विनोद टाळा. कॅनडात हवामानाचे अंदाज इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करणारी ‘मेटिओ’ प्रणाली १९७० च्या दशकातच उत्तम चालत होती, कारण अंदाजाचे शब्द आणि वाक्ये ठरलेली असतात. पाणी बंद राहण्याची सूचना, लिफ्टची देखभाल, सभेची वेळ हा मजकूर त्याच जातीचा आहे.

पण मला दिसते ती खरी गंमत निराळीच आहे. सेक्रेटरी मराठी, अध्यक्ष मराठी, वाचणारे तीन चतुर्थांश मराठी. तरी नोटीस आधी इंग्रजीत लिहितात आणि मग यंत्राकडून मराठी करून घेतात. सभेत जे तोंडाने सांगितले तेच सरळ मराठीत टाइप करा. फोनवर बोलून टाइप होते. इंग्रजी हवे तर त्या मराठीवरून यंत्राला करू दे. ते इंग्रजी तुम्हाला तपासता येते आणि त्यावर कोणाची संमती अवलंबून नसते.

मालवणी, आगरी, अहिराणी?

गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी २०२२ मध्ये आली, पण ती गोव्याकडची. मालवणीसाठी तिचा उपयोग होईल असे समजू नका. बाकीच्यांसाठी माणूसच शोधा.

तपासायला माणूस कुठून आणायचा?

व्यावसायिक भाषांतरकार परवडत असेल तर तोच. नसेल तर इमारतीत निवृत्त शिक्षिका, बँकेतले कारकून, प्रूफरीडर असतातच. दोघांना कामाला लावा. एकाला फक्त मराठी मजकूर द्या, इंग्रजी दाखवू नका, आणि मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील तिथे खूण करा. दुसऱ्याला दोन्ही मजकूर देऊन फक्त आकडे, तारखा, नावे आणि नकार जुळवायला सांगा. यंत्राचा मसुदा हाताशी असला तरी वेळ लागतो, तेव्हा मानधन आधीच ठरवा आणि सभेच्या आदल्या रात्री फाइल पाठवू नका.